परमुलखातला वीर

"तुमचे टाक बघायला मिळतील का?" त्या माणसानं विचारलं, आणि मी दाराच्या कडेला उभी होते ती सरकून मधोमध आले.

तो आमच्या ओट्यावर बसला होता. पन्नाशी उलटलेला, पांढरा सदरा, खांद्याला शबनम पिशवी, जाड भिंगांचा चष्मा. पाणी मागितलं म्हणून मी तांब्या दिला होता. पाणी पिऊन झालं तरी उठेना, तेव्हाच मला खटकलं होतं.

"कसले टाक?" मी म्हटलं.

"देव्हाऱ्यातले. परवा धुळवडीला नदीवर वीर न्हाऊ घालत होते ना, तेव्हा मी तिथं होतो. सिन्नरला मेहुण्याकडे आलोय. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या ताटात चांदीचे तीन टाक होते आणि एक निराळा होता. करडा, लांबट गोल. त्याच्यावर घोडा नाही, स्वार नाही. मधून नुसत्या फटी आहेत. तो जरा बघायचा होता."

गर्दीत, गुलालात, एवढ्या लोकांच्या ताटांतून याला आमचंच ताट दिसलं. मागच्या दिवाळीत पलीकडच्या वाडीत असाच एक माणूस देव्हाऱ्यांचे फोटो काढत फिरला होता, आणि पुढच्या आठवड्यात दोन घरचे टाक गेले होते. मी याच्या पिशवीकडे पाहिलं. कॅमेऱ्याचा पट्टा बाहेर लोंबत होता.

"घरात पुरुषमाणूस नाही," मी म्हटलं. हे खोटं होतं. माझे सासरे, आबा, अंगणातच होते, पाठमोरे बसून घायपाताची दोरी वळत होते.

आमच्या बाजूला घरातला पुरुष लढाईत किंवा असाच अवेळी गेला की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस ठोकलेला. त्याला वीर म्हणतात. धुळवडीला हे वीर खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल फडक्यात बांधून छातीशी धरायचे, हलगीवर नाचवत नदीवर न्यायचे आणि न्हाऊ घालायचे. वेशीत हलगीवाला प्रत्येकाला अडवतो. "कुणाचा वीर?" म्हणून विचारतो. घरच्यानं वीराचं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचं, मग हलगी वाजते.

आमच्या घरचे तीन वीर आमच्याच उगले घराण्यातले. त्यांची नावं पोराटोरांनाही पाठ. चौथा माझ्या सासऱ्यांनी, गेणूआबांनी, लढाईवरून आणलेला. दुसऱ्या मोठ्या लढाईत ते मराठा पलटणीत शिपाई होते, पार इटलीपर्यंत जाऊन आले. वेशीत चौथ्याची पाळी आली की आबा म्हणायचे, "परमुलखातला." लहानू हलगीवाला मुद्दाम पुन्हा विचारायचा, "अहो, पण कुणाचा?" आबा पुन्हा तेवढंच म्हणायचे. लोक हसायचे, लहानू सोडून द्यायचा. तीन वीर आबा नाचवत नेत. चौथा मात्र कधी नाचवला नाही. तो हातात घेऊन ते नुसते चालत जात.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी देव्हारा माझ्या ताब्यात दिला. मी विचारलं, हा कोण? त्या म्हणाल्या, "घासत जा. विचारू नकोस. मी एकदा विचारलं तर दोन दिवस जेवले नाहीत." मी घासत राहिले. त्यावर काही खुणा ठोकलेल्या होत्या. पुढं चाळिशीत मी प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागले, अक्षरं जोडायला शिकले, तेव्हा एकदा तो हातात धरून पाहिला. त्यावरची अक्षरं आमच्या वर्गातली नव्हती.

तर तो माणूस बसलेला असतानाच माझा धाकटा दीर, दगडू, मळ्यातून आला. विळा हातातच होता.

"कोण हो आपण?"

"मी सबनीस. पुण्याला कॉलेजात जर्मन भाषा शिकवायचो. आता ते सोडलं. आता जर्मन शिपायांचा शोध घेतो."

"आता? इथं?" दगडू हसला. "ते तर कधीच हरले म्हणतात."

सबनीसही हसले. "हरले. पण हजारो जणांचं काय झालं ते घरच्यांना आजवर कळलं नाही. कोण कुठल्या पलटणीत होता, कुठं पडला, कुठं पुरला. नगरला जर्मन कैद्यांची छावणी होती, तिथल्या नोंदींपासून मी सुरुवात केली. आता तिकडची माणसं मला लिहितात, मी इकडून-तिकडून कागद जुळवतो, बर्लिनच्या दफ्तराला विचारतो."

"याचं काय मिळतं तुम्हाला?"

"काही नाही."

दगडूनं माझ्याकडे पाहिलं. काही न घेता परक्यांची मढी शोधत उन्हातान्हात हिंडणारा माणूस त्याच्या हिशेबात बसेना. माझ्याही बसेना.

सबनीसांनी पिशवीत हात घातला, तसा दगडूनं विळा सावरला. पण निघाला तो कागदात गुंडाळलेला पत्र्याचा एक तुकडा. अर्धगोल, करडा, आणि सरळ बाजूला दातरे.

"हा बघा. तुमच्या त्या टाकाचा भाऊ. पण अर्धा." त्यांनी तो तळहातावर धरला. "जर्मन शिपायाच्या गळ्यात हा बिल्ला असायचा. नाव नाही, नुसता नंबर आणि पलटण. वरच्या अर्ध्यावर जे, तेच खालच्या अर्ध्यावर. मधून फटी कशाला, तर मोडता यावा म्हणून. माणूस मेला की खालचा अर्धा मोडून वर पाठवायचा. दफ्तरात नंबरापुढं नाव असतं, मग घरी कळवतात. वरचा अर्धा मढ्याबरोबर जातो."

"आणि मोडला नाही तर?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

"मोडला नाही तर तो माणूस मेलाच नाही. कागदावर तो अजून बेपत्ता. घरचे वाट बघतात. त्याला पुरलेला असला तरी त्याच्यावर नाव नसतं."

अंगणात दोरी वळायची भिंगरी घरघरत होती, ती थांबली. मी तिकडं पाहिलं. आबांची पाठ तशीच होती, हात मात्र हवेत राहिला होता.

दगडूनं आवाज खाली आणला. "म्हणजे आमच्या आबांनी तो जर्मन मारला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी असं कुठं म्हणालो?"

"मग अख्खा कसा आला?"

सबनीस जरा घुटमळले. ते घुटमळले नसते तर बरं झालं असतं. "पुष्कळ कारणं असतात. काही जण आठवण म्हणून काढून घेत. कधीकधी कैद्यांच्या गळ्यातले..." ते थांबले. "मला नुसता नंबर उतरवून घेऊ द्या. तुमचा टाक तुमच्याकडंच राहील."

"मालक उद्या येतील," मी म्हटलं. "उद्या या." माझे मालक एस.टी.वर ड्रायव्हर, ते उद्या काय, आठवडाभर येणार नव्हते.

ते गेले. आबा उठून गोठ्याकडे गेले, माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी ताटावरून निम्म्यात उठले. दगडू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी, पलटणीतले लोक कैद्यांना उभं करून गोळ्या घालायचे, ऐकलंय मी. हा माणूस नंबर नेईल आणि तिकडून कायतरी लचांड येईल. म्हातारपणी आबांना कोर्टात उभं करायचंय का?"

"काहीतरीच बोलू नका, भावजी."

पण मलाही ते वाटायला लागलं होतं. ज्याला आपण रोज हळदकुंकू वाहतो तो कोण आहे, आणि त्याला कुणी मारलं, हे मला इतकी वर्षं विचारावंसं वाटलं नव्हतं. आता आबांच्या हातांकडं बघताना वाटायला लागलं.

सकाळी शेण-सडा करून मी देव्हाऱ्यापाशी गेले. तीन टाक जागेवर होते, त्यांच्यावर जास्वंदीची फुलं होती. चौथा नव्हता.

मी ओरडले नाही, पण दगडूला सांगितलं ही माझी चूक झाली. तो ऐकायला थांबलाच नाही. चप्पल न घालता फाट्याकडे पळाला. जाता जाता दारोदार ओरडत गेला, आणि मी फाट्यावर पोचेपर्यंत अर्धं गाव जमलं होतं.

सबनीस सकाळच्या गाडीनं आले होते. पुन्हा आले होते, म्हणजे चोर नसणार, एवढा विचार कुणी केला नाही. उलट लोक म्हणत होते, संशय येऊ नये म्हणून आलाय. दगडूनं त्यांची पिशवी हिसकून रस्त्यात पालथी केली. कॅमेरा, कागद, जेवणाचा डबा, आणि तो अर्धा पत्रा.

"बघा!" दगडू ओरडला. "मोडला! आमचा वीर मोडला यानं!"

त्यानंतर कुणाला आवरणं शक्य नव्हतं. कुणीतरी सबनीसांच्या सदऱ्याला हात घातला, तो खांद्यापासून फाटला. चष्मा खाली पडला. लहानू हलगीवाला मध्ये पडायला गेला तर त्यालाच धक्का बसला. सबनीस एकच म्हणत होते, "अहो, हा कालच मी त्यांना दाखवला. ताई, तुम्ही सांगा. मी तुमच्या घरात पाऊलसुद्धा ठेवलं नाही."

ते खरं होतं. मीच त्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"आणा इकडं," मी म्हटलं. बायामाणसं अशा वेळी पुढं होत नाहीत, म्हणून लोक बाजूला झाले. मी तो तुकडा हातात घेतला, बोटानं दातऱ्यांवरून चाचपला. "हा आपला नाही."

"कशावरून?" दगडू म्हणाला.

"आपला मी रोज घासते. आपल्या फटींत हळद बसलेली आहे, ती सुईनंसुद्धा निघत नाही. हा कोरडा आहे. आणि हा खरखरीत आहे. आपला झिजलाय."

"मग आपला कुठं गेला?"

 तिथं उभी असताना माझ्या डोक्यात जास्वंदीची फुलं आली. देव्हाऱ्याला फूल वाहण्याचं काम आबांचं. माझ्या आधी उठून, आंघोळ करून ते फूल वाहतात. आज त्यांनी तीन टाकांना तीन फुलं वाहिली होती. चौथा तेव्हाच नसता तर आबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ते गप्प होते. आणि एवढा गलका होऊन सगळं गाव फाट्यावर आलं, पण आबा आले नव्हते.

"यांना सोडा," मी म्हटलं, "आणि घरी घेऊन या. चहा द्या." दगडूच्या तोंडाकडं न बघता मी मागं फिरले.

आबा गोठ्याच्या मागं घायपाताच्या कुंपणापाशी बसले होते. पुढ्यात दगड, हातात दुसरा दगड, आणि मधल्या दगडावर आमचा वीर. उजव्या हाताची बोटं सोललेली होती. मोडायचा प्रयत्न केला होता आणि मोडवला नव्हता, हे दिसत होतं.

मी समोर बसले. सासऱ्यांसमोर असं मांडी घालून मी कधी बसले नव्हते.

"आबा, तिकडं त्या माणसाला मारायला निघालेत. तुम्ही चोरलाय हे मला कळलं. आता मला एक सांगा. हा कैदी होता का?"

त्यांनी मान वर केली. माझा प्रश्न त्यांना आधी कळलाच नाही. कळला तेव्हा ते विषण्ण हसले.

"तुलाही तसं वाटलं?"

"इतकी वर्षं तुम्ही सांगितलं नाही, मग काय वाटणार?"

त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. मग बोलायला लागले, ते असं की कुणाला सांगतायत तेही विसरून गेले.

"लढाई पुढं गेली होती. आम्हाला मागं ठेवलं, मढी पुरायला. आपली, त्यांची, सगळी. पाऊस. गुडघाभर चिखल. हवालदार म्हणाला, त्यांच्या गळ्यातले बिल्ले मोडा आणि अर्धे माझ्याकडं द्या. बाकीच्यांनी मोडले. माझ्या वाट्याला हे पोरगं आलं. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. नदीच्या काठाला, पडलेल्या चक्कीमागं, अंजिराच्या झाडाखाली पालथं पडलं होतं. गळ्यात हा."

"तुम्हाला बिल्ला कळला नाही?"

"कळला ना. आमच्या गळ्यातही होते. पण आमचे दोन वेगळे. एक काढायचा, एक ठेवायचा. याचा एकच, आणि तो मोडायचा. मला आपला घरचा टाक दिसला, यमुना. मेलेल्याचा टाक मोडायचा? टाक मोडला की माणूस घरी येतच नाही, हे मी आईच्या मांडीवर ऐकलेलं. हात वळेना. हवालदाराला म्हटलं, गळ्यात काही नव्हतं, चिखलात गेलं असेल. आणि हा पागोट्यात खोचला."

"का पण?"

"कुठल्या तरी घरात तो सणाला न्हायला पाहिजे ना? त्याच्या घरी कुणी नेणार नव्हतं. म्हटलं, आपण नेऊ. त्याच्या आईला सरकार कळवीलच. सरकारला सगळं ठाऊक असतं." त्यांनी सोललेली बोटं धोतराला पुसली. "काल त्यानं सांगितलं, अख्खा राहिला म्हणजे माणूस मेलाच नाही. नंबर माझ्याकडं आणि नाव त्यांच्याकडं. एवढी वर्षं मी त्याला नदीवर न्हाऊ घालतोय, आणि तिकडं त्याची आई दाराशी बसलीय. मीच त्याला हरवला."

 मी म्हटलं, "मग मोडत का होता आता?"

"तेव्हा सांगितलं होतं ते काम राहिलंय."

"तर मग त्यांच्यापुढं मोडा. चला."

आम्ही आलो तेव्हा ओट्यावर सबनीस फाटक्या सदऱ्यानं बसले होते, चष्म्याची एक काडी हातात. अंगणात माणसं. चहाला कुणी हात लावला नव्हता. आबा सरळ त्यांच्यापुढं गेले आणि पलटणीत उभं राहावं तसे उभे राहिले.

"नंबर घ्या," म्हणाले.

सबनीसांनी बिल्ला डोळ्यांपाशी धरला, उन्हाला तिरपा केला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "वरचं पुसलंय सगळं. किती घासलंय हे!"

 रोज राखेनं घासणारी मी होते.

त्यांनी पातळ कागद वर ठेवून शिसपेन्सिल हलकी फिरवली. वरच्या बाजूला दोन-तीन रेघा उमटल्या, बाकी कोरं. मग बिल्ला फिरवून उलटा धरला, कारण खालची अक्षरं उलटी ठोकलेली असतात. कागदावर हळूहळू एकेक आकडा वर यायला लागला. देव्हाऱ्यात खालचा भाग तांदळात रोवलेला असायचा. हळदकुंकू वर, घासणंही वरच जास्त. खाली तो शाबूत होता. मधला एक आकडा तिथं गेला होता, तो नेमका वरच्या रेघांत सापडला.

"अर्धाच असता तर वाचता आला नसता," सबनीस स्वतःशीच म्हणाले.

आबांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी हात पुढं केला. "द्या इकडं."

"आता मोडायची गरज नाही, आबा. कागदावर आलंय सगळं."

"द्या."

या वेळी त्यांनी दगड घेतला नाही. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून एकदा पुढं वाकवला, एकदा मागं. बारीक आवाज झाला, वाळकी काटकी मोडल्यासारखा.

"आबा!" दगडू कळवळला. "देव मोडला तुम्ही!"

"देव नव्हता रे. कुणाचं तरी पोरगं होतं."

खालचा अर्धा त्यांनी सबनीसांच्या हातावर ठेवला. मग खाली बसून अंगणातल्या धुळीत बोटानं नदी काढली, पूल काढला, चक्की काढली, अंजिराच्या झाडाला एक खडा ठेवला. सबनीसांनी ते उतरवून घेतलं. जाताना दगडूनं त्यांना स्वतःचा धुतलेला सदरा दिला. मनातून नाही दिला. माझ्या डोळ्यांकडं बघून दिला. ते फाट्याकडे वळल्यावर म्हणाला, "गेला अर्धा वीर. आता विकील तो पुण्याला, बघा तुम्ही."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दगडूला दर महिन्याला आठवण यायची. "काय वहिनी, आलं का काही पुण्याहून?" मी चुलीत लाकूड सारायचे. आबा तर फाट्यावर गाडी थांबली की दोरी वळायचं सोडून मान वर करायचे, आणि कुणी उतरलं नाही की पुन्हा भिंगरी फिरवायचे. माझ्याही मनात यायचं, दगडू म्हणतो तेच खरं असलं तर?

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला सबनीस आले. अंगात दगडूचाच सदरा होता, परत द्यायला आणलेला, पण दुसरा भिजला म्हणून तोच घातलेला. त्यावरून दगडू पहिल्यांदा मोकळा हसला.

मी त्यांना आत बोलावलं. देव्हाऱ्यासमोर पाट मांडला.

"नाव मिळालं," ते म्हणाले. "लोरेन्झ. वडलांचं नाव आंटोन. गाव ओबरताल, डोंगरातलं आहे. एकोणीस वर्षांचा होता. तुम्ही सांगितलेल्या चक्कीजवळ सापडलेली मढी पुढं एका मोठ्या कबरस्तानात हलवली होती. नाव नसलेल्या बऱ्याच आहेत तिथं. त्यातली कुठली, ते अजून शोधतायत."

"आई?" आबांनी विचारलं.

"आई गेली. धाकटी बहीण आहे. म्हातारी झालीय, त्याच घरात राहते. तिला सगळं कळवलं." सबनीस आबांकडं वळले. "तुमच्यावर ती रागावली नाही. तिनं फक्त एक विचारलंय. तो घरून शेवटचा गेला तेव्हा त्याचे बूट फाटलेले होते. आई शेवटपर्यंत तेच म्हणत होती, पोराचे पाय गारठत असतील. तर त्याच्या पायांत बूट होते का?"

 दगडू दाराशी उभा होता, तोही पुढं आला. मला वाटलं, आता हे हो म्हणून टाकतील. एवढंसं खोटं कुणालाही बोलता आलं असतं.

"नव्हते," आबा म्हणाले. "कुणीतरी आधीच नेले होते. आपल्यातल्याच कुणीतरी. पाय उघडे होते, निळे पडलेले. मी माझ्या पिंढऱ्यांच्या पट्ट्या सोडल्या आणि त्याच्या पायांना गुंडाळल्या. पट्ट्या हरवल्या म्हणून मला मग शिक्षा झाली."

सबनीसांनी चष्मा काढला.

"बुटांचं सांगू नका तिला," आबा म्हणाले. "पाय झाकलेले होते, एवढं सांगा. ते खोटं नाही."

पुढच्या धुळवडीपर्यंत आबा रोज सकाळी दोरी वळताना मला हाक मारायचे. "यमुना, काय गं ते?" मी आतून वीराचं नाव-गाव सांगायचे. ते तोंडातल्या तोंडात घोळवायचे. दुपारी विसरायचे आणि पुन्हा विचारायचे.

धुळवडीला मी चारही टाक ताटात काढले. अर्ध्याला राख लावली नाही, नुसत्या पाण्यानं धुतला. दगडू म्हणाला, "आबा, खंडित वीर बाहेर काढतात का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

वेशीत लहानूनं आमचे तीन वीर ओळीनं विचारून सोडले. तीनदा हलगी वाजली, तीनदा आबा नाचले, गुडघे धरत, हाशहुश करत. चौथ्यापाशी लहानूनं काड्या हलगीवर टेकवल्या. तो आधीपासूनच हसत होता.

"कुणाचा वीर?"

मागची पोरं "परमुलखातला" म्हणून ओरडायला तयारच होती. आबा छातीशी धरलेल्या लाल फडक्याकडं बघत राहिले. मी बायकांच्या ओळीत होते. नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते दाबून धरलं.

"अहो, कुणाचा?" लहानूनं दुसऱ्यांदा विचारलं.

"लोरेन्झ," आबा म्हणाले. आवाज सगळ्या वेशीत गेला. "आंटोनचा. गाव ओबरताल."

लहानूचं हसू मावळलं. त्यानं आबांकडं पाहिलं, मग फडक्याकडं, मग हलगी छातीशी नीट धरली आणि काड्या उचलल्या.

आबा पहिल्यांदाच तो वीर घेऊन नाचले. दुसऱ्याच फेरीला त्यांचा गुडघा लचकला, तेव्हा दगडू धावत पुढं गेला. त्यानं त्यांचा कोपर धरला, आणि ते दोघं तसेच नाचत नदीकडं गेले.